कडाक्याच्या थंडीत इंजिनाचा दिवा लागतो तेव्हा तपास कुठून सुरू करावा

तापमान उणे २० ते उणे २५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले की सकाळी गाडी चालू करताना इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, थंडी जरा ओसरली की काही दिवसांनी तो आपोआप विझतो आणि पुढच्या लाटेत पुन्हा लागतो. वर्कशॉपने कोड (इंजिनाच्या संगणकाने नोंदलेला दोषाचा क्रमांक) पुसून दिला, एक सेन्सर बदलण्याचा सल्लाही दिला. तर हा खरा बिघाड आहे की नुसता थंडीचा परिणाम, असा तुमचा प्रश्न आहे. या कामात बरीच वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की अशा तक्रारींचा उलगडा न होण्याचे मुख्य कारण तपासाची वेळ चुकणे हे असते. रात्रभर गारठलेल्या इंजिनात सकाळी पहिल्यांदा किल्ली फिरवण्याआधी आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत जो पुरावा हाती लागतो, तो गाडी वर्कशॉपपर्यंत चालत जाईतो नाहीसा झालेला असतो. रबर पुन्हा मऊ झालेले असते, बर्फ वितळलेला असतो, बॅटरी थोडीफार भरलेली असते आणि तंत्रज्ञापुढे एक कोड आणि एक धडधाकट गाडी उभी असते. अशा वेळी कोडमध्ये ज्या सेन्सरचे नाव आहे तो बदलून टाकण्याचा मोह होतो आणि पैसे वाया जातात.

आधी सुरक्षिततेचे. पिवळा दिवा स्थिर असेल आणि इंजिन नीट चालत असेल, तर गाडी सावकाश चालवून तपासाला वेळ घेता येतो. तोच दिवा लुकलुकत असेल, तर मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) इतका वाढलेला आहे की न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून निकामी होऊ शकतो. अशा वेळी वेग आणि भार ताबडतोब कमी करावा आणि इंजिन लवकरात लवकर बंद करावे. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा इंजिन चालू झाल्यावर काही सेकंदांत विझायलाच हवा. थंडीत ऑइल घट्ट झाल्यामुळे एखाददुसरा सेकंद जास्त लागणे समजू शकते, पण पाच-दहा सेकंदांनंतरही दिवा तसाच असेल, तर थंडीचे निमित्त सांगून वाट पाहू नये, इंजिन बंद करावे. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचा लाल दिवा उणे तापमानातही खोटा मानू नये. कूलंटमध्ये पाण्याचे प्रमाण जास्त असेल, तर रेडिएटरमध्ये त्याचा बर्फ होतो, प्रवाह अडतो आणि बाहेर सगळे गोठलेले असतानाही इंजिन उकळते. काही गाड्यांत इंजिन थंड असेपर्यंत तापमापीचे निळे चिन्ह दिसते. तो बिघाड नव्हे.

आता दिवा आपोआप विझण्याचे कारण. इंजिनाचा संगणक बहुतेक दोष पहिल्याच वेळी जाहीर करत नाही. पहिल्या वेळी तो दोषाची तात्पुरती नोंद करतो आणि पुढच्या फेरीत तोच दोष पुन्हा आढळला तरच दिवा लावतो. त्यानंतर सलग तीन फेऱ्यांत तीच चाचणी निर्दोष पार पडली, तर दिवा विझतो. कोड मात्र स्मृतीत राहतो आणि साधारणपणे इंजिन पूर्ण गरम होण्याच्या ४० फेऱ्या झाल्यावरच पुसला जातो. यातली मेख अशी की गरम होण्याची ही फेरी मोजली जाण्यासाठी पेट्रोल गाडीत कूलंट सुरुवातीपेक्षा किमान २२ अंशांनी वाढून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत पोचावा लागतो. कडाक्याच्या थंडीत दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये ते घडतच नाही. म्हणून दिवा विझला असला, तरी स्मृतीत बहुधा अजून सगळे शाबूत असते, आणि ‘दिवा गेला म्हणजे दोष गेला’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. तुमच्या बाबतीत दिवा थंडीच्या लाटेबरोबर येतो आणि जातो, एवढ्यावरून इतकेच सिद्ध होते की दोषाला तापमानाची अट आहे. हवामान हे त्याचे कारण असेल किंवा आधीपासून असलेली कमजोरी थंडीने उघडी केली असेल. या दोहोंतला फरक शोधणे हेच खरे निदान.

त्यासाठी कोड पुसणे थांबवा. कोड लागतो त्या क्षणी संगणक काही आकडे जपून ठेवतो, ज्याला स्कॅनरवर (कोड वाचणाऱ्या उपकरणावर) फ्रीझ फ्रेम म्हणतात: कूलंटचे तापमान, इंजिनाचे मिनिटाला फेरे, भार, गाडीचा वेग, इंधनाची दुरुस्ती (संगणक ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के इंधन वाढवतो किंवा घटवतो तो आकडा), आणि बऱ्याच गाड्यांत आत येणाऱ्या हवेचे तापमानही. पुसण्याबरोबर ही सगळी नोंद जाते आणि ती कोडपेक्षाही मोलाची असते. समजा हवा-इंधनाच्या मिश्रणात इंधन कमी असल्याचा कोड आहे आणि त्या नोंदीत कूलंट उणे ८ अंश, वेग शून्य, फेरे १,२०० दिसतात. म्हणजे दोष इंजिन चालू झाल्यावर लगेच, गाडी जागेवर उभी असताना लागला. तोच कोड कूलंट ८८ अंश आणि वेग ९० किलोमीटर असताना लागला असता, तर शोध अगदी वेगळ्या दिशेने गेला असता. एखादा साधा स्कॅनर गाडीतच ठेवावा आणि दिवा लागला की त्याच दिवशी ही नोंद पाहून तिचा फोटो घेऊन ठेवावा. सोबत त्या सकाळचे तापमान, गाडी किती तास उभी होती आणि टाकीत इंधन किती होते, हेही लिहून ठेवावे.

यापुढची पहिली पायरी नेहमी बॅटरी, कोड कोणताही असो. उणे १८ अंशांना लेड-ॲसिड बॅटरीची ताकद उबदार दिवसातल्या ताकदीच्या सुमारे निम्मी राहते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमधून इंजिन फिरवायला कितीतरी जास्त जोर लागतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दरवाजे उघडून दिवे जागे करण्याआधी, शक्यतो बॉनेट उघडून थेट बॅटरीच्या टोकांवर मल्टीमीटर लावा. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून जास्त म्हणजे बॅटरी भरलेली आहे, १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. मग कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगून, स्टार्टर फिरत असताना व्होल्टेज किती खाली जाते ते पाहा. साधारण हवामानात ते ९.६ च्या खाली जाऊ नये. कडक थंडीत ८.५ पर्यंतची घसरण चालवून घेता येते. त्याहून खाली गेले, तर संगणक आणि इतर नियंत्रक क्षणभर भानावर राहत नाहीत, एकमेकांचे संदेश त्यांना मिळत नाहीत आणि इंजिन चालू होताच एबीएस, स्टिअरिंग, घसरण-नियंत्रण आणि इंजिन असे चार-पाच दिवे एकदम लागतात. इतके दिवे एकाच वेळी लागले, तर तितके बिघाड एकाच रात्रीत झाले असण्याची शक्यता फारच कमी असते. ‘पी ०५६२’ हा कमी व्होल्टेजचा कोड किंवा ‘यू’ने सुरू होणारे संपर्क तुटल्याचे कोड सोबत असतील, तर आधी बॅटरी, तिची टोके आणि इंजिनापासून बॉडीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी पाहावी. रस्त्यावर मीठ टाकले जाते अशा प्रदेशात ही पट्टी वरून ठीक दिसते आणि आतून गंजलेली असते. इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटरने १३.८ ते १४.७ व्होल्टच्या दरम्यान भरणा करायला हवा. अतिथंडीत काही गाड्या मुद्दाम याहूनही थोडा जास्त देतात.

इथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतले द्रावण उणे ७ ते उणे १० अंशांच्या आसपासही गोठू शकते, तर भरलेल्या बॅटरीचे उणे ५० अंशांनाही गोठत नाही. बॅटरीच्या बाजू फुगलेल्या असतील किंवा आत बर्फ दिसत असेल, तर तिला जंपर केबल लावू नये आणि चार्जरही लावू नये. ती फुटू शकते.

बॅटरी ठीक निघाली की पुढची तपासणी सर्वात सोपी आणि मला सर्वात जास्त उपयोगी वाटणारी. गाडी किमान आठ-दहा तास उभी राहिल्यावर इंजिन चालू न करता नुसती किल्ली चालू करून स्कॅनरवर तीन आकडे शेजारी शेजारी घ्या: कूलंटचे तापमान, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि बाहेरचे तापमान. रात्रभर सगळे धातू एकाच हवेत उभे असल्यामुळे हे तीनही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. उणे २३, उणे २२, उणे २२ असे दिसले, तर सेन्सरांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. कूलंट उणे ९ आणि बाकी दोन्ही उणे २२ असे दिसले, तर कूलंटचा सेन्सर, त्याचा कनेक्टर किंवा वायर खोटे बोलत आहे, आणि संगणक त्या खोट्या उबेवर भरवसा ठेवून गरजेपेक्षा कमी पेट्रोल देत आहे. मग इंजिन उशिरा चालू होते, अडखळते आणि मिसफायरचा किंवा मिश्रणाचा कोड लागतो, ज्याचा प्लगशी किंवा इंजेक्टरशी काहीही संबंध नसतो. हेच सेन्सर कनेक्टर काढून मल्टीमीटरने मोजले, तर बहुतेक गाड्यांत २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम आणि उणे २० अंशांना सुमारे पंधरा हजार ओहम असा रोध मिळतो.  स्कॅनरवर अचूक उणे ४० दिसले, तर बहुतेक वेळा सेन्सर निघालेला किंवा वायर तुटलेली असते. तिथे मोजमापाची खालची मर्यादाच संपते. हिवाळ्यात उंदीर उबेसाठी बॉनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात, म्हणून इंजिनाभोवतीच्या वायरिंगकडे टॉर्च घेऊन एकदा पाहावेच.

तुम्ही इंजिनाचा विजेवर चालणारा हीटर रात्रभर लावत असाल, तर या तुलनेला अर्थ राहत नाही, कारण कूलंट खरोखरच गरम असतो आणि हवा थंड. काही गाड्यांचा संगणक हा फरक बिघाड समजून ‘पी ०११६’ असा कोड लावतो. अशा वेळी एक रात्र हीटर न लावता तपासणी करून पाहावी. कोड फक्त हीटर लावलेल्या दिवशीच येत असेल, तर सेन्सर बदलण्याची गरज नाही.

तापमानाच्या कोडांपैकी थंडीत सर्वाधिक भेटणारा ‘पी ०१२८’. याचा अर्थ ठरावीक वेळेत आणि ठरावीक कामानंतर कूलंट अपेक्षित तापमानाला पोचला नाही. अनेकांना तो थंडीचा स्वाभाविक परिणाम वाटतो आणि वसंतापर्यंत दुर्लक्षित राहतो. माझा अनुभव वेगळा आहे. संगणक सुरुवातीचे तापमान आणि आत गेलेली हवा यांवरून इंजिन किती वेळात गरम व्हावे याचा हिशेब करतो, म्हणजे थंडी त्या हिशेबात आधीच धरलेली असते. तरीही कोड लागला, तर थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारा कूलंट अडवणारी किंवा सोडणारी झडप) अर्धवट उघडा राहत असण्याची शक्यता सर्वाधिक, आणि त्याखालोखाल कूलंटची पातळी कमी असण्याची. उन्हाळ्यात उघडा राहणारा थर्मोस्टॅट कुणाच्या लक्षातही येत नाही. बाहेर उणे २५ असताना मात्र रेडिएटर इंजिनातली उष्णता बाहेर फेकत राहतो. तपासायला उपकरण लागत नाही. गार इंजिन चालू केल्यावर रेडिएटरकडे जाणारा वरचा होज (रबरी नळी) हाताने चाचपून पाहा. पंख्यापासून हात आणि बाही दूर ठेवा. थर्मोस्टॅट नीट असेल, तर कूलंट ऐंशी-नव्वद अंशांना पोचेपर्यंत तो होज बराच वेळ गार राहतो आणि मग थोड्या वेळात गरम होतो. इंजिन नुकतेच चालू झालेले असताना होज हळूहळू कोमट होऊ लागला, तर झडप बंद होत नाही. स्कॅनरवर हेच दिसते ते असे, की शहरात गाडी ८० अंशांपर्यंत चढते आणि मोकळ्या रस्त्यावर वारा लागला की ६५ वर उतरते. निरोगी थर्मोस्टॅट असलेले इंजिन असे उतरत नाही. या दोषाकडे दुर्लक्ष करू नये असे मी आग्रहाने सांगतो. सतत अर्धवट गार राहिलेल्या इंजिनात जास्तीचे पेट्रोल ऑइलमध्ये उतरते, पाण्याची वाफ ऑइलमधून उडून जात नाही, आणि त्यातून पुढे जो बिघाड होतो तो थर्मोस्टॅटपेक्षा कितीतरी महाग असतो. त्याबद्दल पुढे सांगतो. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावून कोड दाबण्याचा उपायही मला मान्य नाही, कारण तो काढायचा राहिला आणि चढण लागली, तर इंजिन तापते.

आता मिश्रणाचे आणि मिसफायरचे कोड, म्हणजे ‘पी ०१७१’, ‘पी ०१७४’ आणि ‘पी ०३००’ पासून पुढचे. उणे २५ अंशांची हवा अधिक २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे २० टक्के दाट असते, म्हणून तेवढेच इंधनही वाढवावे लागते. संगणक हे सहज करतो, पण त्याच्याकडे आलेली माहिती खरी असेल तरच. हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, इंधनाचा पंप थकला असेल किंवा फिल्टर तुंबला असेल, तर उबदार दिवसांत ती कमतरता सांभाळली जाते आणि थंडीत मर्यादा ओलांडते. दुसरीकडे इनटेकचे (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाचे) गॅस्केट, व्हॅक्यूमचे होज आणि इंजेक्टरभोवतालच्या रबरी रिंगा थंडीत कडक होतात, आकसतात आणि मापाबाहेरची हवा आत सोडतात. दोन्हींचा कोड एकच. वेगळे करायचे ते इंधनाच्या दुरुस्तीच्या आकड्यांवरून. हा आकडा अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असणे सामान्य आहे, आणि अधिक २५ टक्क्यांच्या आसपास बहुतेक गाड्या कोड लावतात. इंजिन जागेवर मंद चालू असताना आकडा मोठा आणि इंजिन मिनिटाला २,५०० फेरे घेत असताना तो खाली येत असेल, तर कुठूनतरी हवा गळत आहे. उलट भार आणि वेग वाढेल तसा आकडाही वाढत असेल, तर इंधनाचा पुरवठा किंवा हवेचा सेन्सर पाहावा.

यातले एक उदाहरण तुमच्या तक्रारीशी बरेच जुळते. एका गाडीत थंडीच्या प्रत्येक लाटेत ‘पी ०१७१’ लागत असे. गरम शेडमध्ये इनटेकमध्ये धूर सोडून गळती शोधली, तर एकाही जोडातून धूर येत नव्हता. मग तीच गाडी रात्रभर उघड्यावर ठेवली आणि पहाटे, इंजिन चालू न करता, जिथे होती तिथेच पुन्हा धूर सोडला. इनटेक मॅनिफोल्ड आणि सिलिंडर हेड यांच्या जोडातून, तिसऱ्या सिलिंडरच्या खालच्या बाजूने, धुराची बारीक रेघ सरळ वर आली. गॅस्केट काढून पाहिले, तेव्हा रबराची कड चपटी होऊन काचेसारखी टणक झालेली होती. इंजिन चालू केल्यानंतर सातआठ मिनिटांत धातू प्रसरण पावून तीच फट बंद होत असे. त्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर (इंजिनातून निघणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा) त्याआधीच बदलून झाला होता, आणि तो निर्दोष होता. तुम्हाला सुचवलेला सेन्सर बदलण्याआधी गारठलेल्या अवस्थेतली ही धुराची चाचणी जरूर मागा.

मिसफायरच्या बाबतीत एक साधी गोष्ट विसरली जाते. गाडी नुसती पार्किंगमधून बाजूला करण्यासाठी काही सेकंद चालू करून बंद केली, तर गार इंजिनात ओतलेले जास्तीचे पेट्रोल प्लगवर राहते, प्लग भिजतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन मिस मारते. असा एकदाच लागलेला कोड, जो पुढे पुन्हा येत नाही, त्याला बिघाड मानू नये. नेहमी त्याच एका सिलिंडरचा कोड येत असेल, तर त्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) दुसऱ्यावर लावून, पुढच्या गारठलेल्या सकाळी कोड कॉइलबरोबर सरकतो का ते पाहावे. सरकला, तर कॉइल दोषी.

बर्फ हे आणखी एक कारण, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की तो पुरावा मागे ठेवत नाही. गरम गॅरेजमधून गाडी बाहेर काढून उभी केली, की थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या) झडपेवर साचलेली वाफ गोठते, झडप चिकटते आणि ‘पी २११२’ सारखा, झडप अडकल्याचा कोड लावून गाडी कमी ताकदीच्या आपत्कालीन स्थितीत जाते. अर्ध्या तासाने इंजिनाच्या उबेने सगळे मोकळे होते. इनटेकमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक छिद्रातही असाच बर्फ बसतो. हे एकदा घडले, तर सोडून द्यावे. वारंवार घडत असेल, तर थ्रॉटल साफ करावा आणि ज्या गाड्यांत थ्रॉटलला कूलंटची ऊब देणारी नळी असते, तिथे ती तुंबलेली नाही ना ते पाहावे.

यापेक्षा खूप गंभीर प्रकार इंजिनाच्या श्वसनाचा. पिस्टनच्या बाजूने खाली उतरणारे वायू आणि वाफ एका होजमधून पुन्हा इनटेकमध्ये नेले जातात. छोट्या फेऱ्या, अर्धवट गार राहणारे इंजिन आणि अतिथंडी हे तिन्ही जुळून आले, की तो होज इनटेकला मिळतो त्या तोंडाशी वाफेचा बर्फ साचत जातो आणि वाट बंद होते. आतला दाब वाढतो, ऑइलची मापपट्टी (डिपस्टिक) वर उचलली जाते, किंवा क्रँकशाफ्टचे मागचे सील बाहेर ढकलले जाऊन काही मिनिटांत ऑइल रस्त्यावर येते. पिवळा दिवा बहुधा त्याच्या थोडा आधी लागतो, कधी मिश्रणाच्या तर कधी मिसफायरच्या कोडने, आणि लाल दिवा लागतो तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो. म्हणून अतिथंडीच्या काळात आठवड्यातून एकदा ऑइलचे झाकण उघडून त्याची आतली बाजू पाहावी. तिथे दुधाळ, फिकट पिवळा लगदा जाड थरात साचलेला असेल, मापपट्टीच्या तोंडाशी ऑइल आलेले असेल किंवा झाकण सैल करताना दाब सुटल्यासारखा फुस्स आवाज येत असेल, तर गाडी चालवू नये, होज काढून साफ करून घ्यावा. झाकणाखाली थोडासा लगदा एकट्याने काही सिद्ध करत नाही, कारण छोट्या फेऱ्यांच्या गाड्यांत तो सर्रास आढळतो. डिपस्टिकवरचे ऑइलही दुधाळ असेल, तर मात्र कूलंट ऑइलमध्ये मिसळतो का ते तपासावे लागते. प्रतिबंध म्हणून आठवड्यातून निदान एकदा, इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवावी. घराशी उभी करून इंजिन तापवत ठेवल्याने हे काम होत नाही. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन कधीही चालू ठेवू नये, आणि सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजलेले नाही ना हे पाहिल्याशिवाय गाडीत बसून राहू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचे ‘पी ०१३५’ आणि ‘पी ०१४१’ हे कोड थंडीत वाढतात, कारण सायलेन्सरच्या नळीतले पाणी सेन्सरच्या तापलेल्या सिरॅमिकवर उडून ते तडकते. इथे फ्यूज आणि हीटरचा रोध मोजला की निकाल लागतो, जास्त खल करण्याचे कारण नाही. कॅमशाफ्टच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) वेळेचे ‘पी ००११’ सारखे कोड फक्त गार इंजिनात येत असतील, तर आधी ऑइलची श्रेणी पाहावी. ‘०डब्ल्यू’ श्रेणीच्या ऑइलची स्टार्टर फिरवण्याची कसोटी उणे ३५ अंशांना घेतली जाते, ‘५डब्ल्यू’ची उणे ३० ला आणि ‘१५डब्ल्यू’ची उणे २० ला, म्हणजे उणे २५ च्या सकाळी ‘१५डब्ल्यू’ ऑइल घातलेले इंजिन त्याच्या मर्यादेबाहेर चालवले जाते आणि त्याचा दोष कॅमशाफ्टची वेळ बदलणाऱ्या व्हॉल्व्हवर ढकलला जातो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेली श्रेणीच वापरावी.

गाडी डिझेल असेल, तर क्रम थोडा बदलतो. बॅटरीनंतर लगेच ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारे प्लग) पाहावेत. त्यांचे ‘पी ०६७१’ ते ‘पी ०६७४’ हे कोड चार सिलिंडरांचे क्रमाने असतात, आणि निरोगी प्लगचा रोध साधारण एक-दोन ओहमपेक्षा कमी असतो. उबदार दिवसांत एक-दोन प्लग बंद असले, तरी गाडी चालू होते. थंडीत मात्र ती पांढरा धूर सोडत अडखळते. गाडी चालू होऊन काही मिनिटांत ताकद गेली आणि इंधनाचा दाब कमी असल्याचा ‘पी ००८७’ कोड लागला, तर डिझेलमधले मेण गोठून फिल्टर तुंबल्याचा संशय आधी घ्यावा, पंपाचा नंतर. अशा वेळी गाडी उबदार जागी ठेवून फिल्टर बदलावा आणि हिवाळी प्रतीचे डिझेल भरावे. आधुनिक उच्चदाब पंपाच्या गाडीत केरोसीन मिसळू नये, त्याने पंपाचे वंगण कमी होते. ॲडब्लूचे (डिझेलचा धूर शुद्ध करण्यासाठी वापरायचे) द्रावण उणे ११ अंशांना गोठते, हे अपेक्षितच असून टाकीला त्यासाठी हीटर असतो. गाडी तासभर चालल्यावरही त्याचा दिवा गेला नाही, तर हीटरचा तपास करावा. काजळीच्या फिल्टरचा ‘पी २४६३’ हा कोड बहुतेक वेळा छोट्या फेऱ्यांचे फळ असते.

वर्कशॉपकडे जाताना ‘दिवा लागतो’ एवढेच सांगू नका. गाडी आदल्या संध्याकाळीच तिथे उघड्यावर सोडा, सकाळी तंत्रज्ञाने स्वतः पहिल्यांदा चालू करावी अशी लेखी विनंती करा, आणि सोबत फ्रीझ फ्रेमचा फोटो, रात्रभर उभ्या गाडीचे बॅटरी व्होल्टेज आणि ते तीन तापमानांचे आकडे द्या. कोणताही भाग बदलण्याआधी तो दोषी असल्याचे कोणते मोजमाप आहे, असे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि चांगल्या तंत्रज्ञाला त्या प्रश्नाचा राग येत नाही. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून मी स्वतः बॅटरी, तीन तापमानांची तुलना आणि गारठलेली धुराची चाचणी याच क्रमाने जाईन. कोड ‘पी ०१२८’ निघाला, तर थेट थर्मोस्टॅटकडे.

दुरुस्ती झाल्यावर मात्र कोड पुसावा, आणि त्यानंतर किमान दोन-तीन गारठलेल्या सकाळी तात्पुरत्या नोंदी तपासाव्यात. त्या रिकाम्या असतील, तरच काम पुरे झाले असे धरावे. गाडीची प्रदूषण चाचणी जवळ आली असेल, तर ही पुसापुशी आधीच उरकून घ्यावी. कोड पुसल्यावर संगणकाच्या सर्व स्वयंचाचण्या नव्याने पूर्ण व्हाव्या लागतात, आणि टाकीतल्या पेट्रोलच्या वाफेची गळती शोधणारी चाचणी बहुतेक गाड्यांत सुमारे ४ अंशांच्या खाली चालतच नाही. थंडीची लाट असेपर्यंत ती अपुरीच दिसत राहील, आणि त्यासाठी आणखी एखादा भाग बदलण्याचे कारण नाही.